लाल मातीतून पिंजऱ्यात : व्यावसायिक मल्लाची नऊशे वर्षे

१/
२५ नोव्हेंबर २०१७. शांघाय. मिश्र युद्धकलेची, म्हणजे एमएमएची, जगातील सर्वांत मोठी संस्था असलेल्या यूएफसीचा चीनच्या मुख्य भूमीवरील हा पहिला कार्यक्रम. अष्टकोनी पिंजऱ्यात एका बाजूला १९ वर्षांचा चिनी सोंग याडोंग, तर दुसऱ्या बाजूला २८ वर्षांचा भरत खंडारे, मूळचा जालना जिल्ह्याचा आणि मुंबईत घडलेला. भारतात जन्मलेला खेळाडू यूएफसीत उतरण्याची ही पहिली वेळ होती.

२/
लढत पहिल्याच फेरीत संपली. खंडारेची मान सोंगच्या काखेत अडकली आणि त्याला हार मानावी लागली. वृत्तपत्रांत चार ओळींची बातमी आली आणि विषय मिटला. मात्र कुस्तीच्या वाटेने आलेला मल्ल नेमका मानेवर का हरतो, या प्रश्नामागे नऊशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात दोन धागे आहेत : मल्लाचे पोट कोण भरतो, आणि मल्लाची हार कशाला म्हणायचे.

३/
पहिला धागा फार जुना आहे. आजचा मराठवाडा कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली असताना, इ. स. ११३० च्या सुमारास, राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण. राजाच्या करमणुकीचे प्रकार वर्णन करताना या ग्रंथाने मल्लविनोदाला स्वतंत्र जागा दिली आहे.

४/
त्यात मल्लांची वय, बांधा आणि बळ यांवरून प्रतवारी केलेली आहे. त्यांनी मेहनत कशी करावी, आहार काय घ्यावा, याचे तपशील आहेत. डाळी, मांस, दूध अशा खुराकाची जबाबदारी राजाकडे आहे. बाराव्या शतकातच मल्ल हा हौसेने लढणारा गावकरी उरला नव्हता. तो पगारी होता, पोसलेला होता, आणि त्याचे काम लोकांसमोर लढणे हे होते. 'व्यावसायिक' हा शब्द नवा असला तरी ती वस्तू आपल्याकडे जुनीच आहे.

५/
आश्रयाचा अर्थ प्रतिष्ठा असाही होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले. तरुण बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारले. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाची कथा याच प्रसंगाशी जोडली जाते.

६/
आख्यायिकेतला बारकावा किती खरा, हा भाग वेगळा. तिच्यातून दिसणारी व्यवस्था मात्र खरी आहे. दरबार मल्ल बाळगत, आणि मल्ल हरला की दरबाराची मान खाली जाई. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि १९४८ पर्यंत तेथेच राहिले. औरंगाबादपासून वेगळा होऊन स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

७/
या आश्रयाचा कळस कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) तालमींना बळ दिले, देशभरातील मल्ल कोल्हापुरात आणले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. मध्यभागी खोलगट आखाडा आणि भोवती चढती बैठक, अशी ही रचना. कोणत्याही कोपऱ्यातील प्रेक्षकाला मल्ल दिसावा, हा त्यामागील हेतू. कुस्तीला राजाश्रयासोबत हजारोंचा लोकाश्रय मिळाला तो अशा मैदानांमुळे.

८/
संस्थानाबाहेर गावोगावच्या जत्रा हेच मल्लाचे पोट होते. जत्रेतल्या मैदानाची उतरंड ठरलेली असे. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर. मग चढत्या इनामाच्या जोडी. शेवटची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची, नामांकित पहिलवानांची. वस्ताद जोड लावणार, पंच निकाल देणार, आणि कुस्ती बरोबरीत सुटली तर इनामही बरोबरीत वाटले जाणार.

९/
आता यूएफसीच्या एखाद्या रात्रीची रचना पाहावी. सुरुवातीला नवख्यांच्या लढती, मग चढत्या क्रमाने नावाजलेले, शेवटी मुख्य लढत. नवख्याला पिंजऱ्यात उतरण्याचे ठरावीक मानधन, आणि जिंकल्यास बहुधा तेवढीच आणखी रक्कम. जत्रेतल्या आखाड्यात वाढलेल्या मल्लाला ही मांडणी परकी वाटण्याचे कारण नाही. परके आहे ते दुसऱ्याच ठिकाणी.

१०/
ते ठिकाण म्हणजे पाठ. आपल्या कुस्तीत पाठ लागली की कुस्ती संपली. 'चीतपट करणे', 'अस्मान दाखवणे' हे भाषेत रुळलेले शब्दप्रयोग याच नियमातून जन्मले. म्हणून मल्लाचे सारे शरीर एकाच गोष्टीसाठी घडते : स्वतःची पाठ वाचवायची, दुसऱ्याची लावायची. गळा आवळणे हा या खेळाचा भाग नाही. त्यामुळे मानेचा व्यायाम भरपूर होतो, मान सोडवण्याचा सराव मात्र होत नाही.

११/
हा नियम जगभर सारखा नव्हता, पण जुन्या कुस्तीपुरता पुष्कळसा समान होता. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को समोरासमोर आले. लढत अडीच तासांहून अधिक चालली. झ्बिस्कोने बहुतेक वेळ पालथे पडून काढला, आणि गामाला त्याची पाठ लावता आली नाही. निकाल न लागता लढत थांबली. पुन्हा ठरलेल्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही.

१२/
पालथे पडून राहणे तेव्हा सुरक्षित होते, कारण हार फक्त पाठीवर मोजली जात होती. आजच्या पिंजऱ्यात तोच पवित्रा आत्मघात ठरेल. पालथ्या माणसाच्या पाठीवर बसायचे, मागून गळ्याभोवती हात घालायचा, आणि काही सेकंदांत लढत खलास. एकाच शरीरस्थितीचा अर्थ शंभर वर्षांत उलटा झाला. तो कोणी उलटवला?

१३/
गामाच्या लंडनमधील लढतीनंतर चारच वर्षांनी, १९१४ मध्ये, मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोपटू ब्राझीलमध्ये पोहोचला. तोही व्यावसायिकच. देशोदेशी हिंडून पैशांसाठी लढणारा. पुढे तो ब्राझीलच्या उत्तरेकडील बेलेम शहरात स्थिरावला. तेथे त्याच्या विद्येचा लाभ कार्लोस ग्रेसी या तरुणाला झाला. ग्रेसी बंधूंनी ती विद्या आपल्या पद्धतीने वाढवली. तीच आज ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणून ओळखली जाते.

१४/
या विद्येचा पाया कुस्तीच्या नेमका विरुद्ध होता. खाली पडलेला माणूस हरलेला नसतो. पाठीवर पडूनही तो पायांनी प्रतिस्पर्ध्याला जखडू शकतो, त्याचा हात पिरगाळू शकतो, गळा आवळू शकतो. हार पाठीवर ठरत नाही. प्रतिस्पर्धी शरणागती देईल किंवा शुद्ध हरपेल, तेव्हा ती ठरते. शरणागतीची खूण म्हणजे हाताने थापटणे, ज्याला आज सर्वत्र 'टॅप' म्हणतात.

१५/
१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात पहिली यूएफसी स्पर्धा झाली. निरनिराळ्या युद्धकलांचे आठ लढवय्ये, आणि नियम अगदी मोजके. विजेता ठरला तो सडपातळ बांध्याचा रॉयस ग्रेसी. एका रात्रीत तीन लढती त्याने जिंकल्या. बळापेक्षा पकड मोठी, हा धडा त्या रात्री दूरचित्रवाणीवर जगाने पाहिला.

१६/
सुरुवातीची ही स्पर्धा इतकी बेफाम होती की अमेरिकेतील अनेक राज्यांनी तिच्यावर बंदी आणली. पुढे वजनगट आले, हातमोजे आले, वेळेच्या फेऱ्या आल्या. २०००-०१ मध्ये न्यू जर्सी राज्यात एकसमान नियमावली आकाराला आली आणि खेळाला शिस्त लागली. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, अजिंक्यपदासाठी पाच, हा आजचा साचा त्यातूनच रुळला.

१७/
नियम बदलले की मल्लाला नव्याने शिकावे लागते, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नव्हता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. वाढ मातीतली, आणि लंडनमध्ये गाठ मॅटवरच्या कुस्तीशी. तेथे गुणांचा हिशेब वेगळा, पायाखालची पकड वेगळी.

१८/
चार वर्षांनी हेलसिंकीत त्याच खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. संस्थाने विलीन झाली होती आणि नवा आश्रयदाता अजून उभा राहिला नव्हता. मधली पोकळी एका प्राचार्याच्या घराने भरून काढली.

१९/
खाशाबांना १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. देशाला पदक देणाऱ्या मल्लाची पुढची बत्तीस वर्षे पाहिली की 'कारकीर्द' या शब्दाचा अर्थ कळतो. ती आखाड्यात काही वर्षांतच संपते. जगायचे असते त्यानंतर.

२०/
नवी घडी हळूहळू बसली. १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे जालन्याच्या शेजारीच, महाराष्ट्र केसरीचा पहिला किताब दिनकर दह्यारी यांनी जिंकला. पुढे या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग झाले. दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशी भिडतात. एकाच स्पर्धेत दोन्ही पद्धतींना जागा देऊन महाराष्ट्राने संक्रमणाचा प्रश्न सोडवला.

२१/
पोटाचा प्रश्नही काही अंशी सुटला. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले. बीडच्या पाटोद्याचे राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून त्याच पदावर पोहोचले. मराठवाड्यातील एखाद्या शेतकऱ्याने मुलाला तालमीत घातले, तर त्याच्या डोळ्यांसमोर आज असे एक शिखर असते.

२२/
मिश्र युद्धकलेपाशी असे शिखर नव्हते. मार्च २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाली. मागे अभिनेता संजय दत्त आणि उद्योजक राज कुंद्रा, पुढे रोषणाई आणि परदेशी नावे. भारतात या खेळाचा मोठा व्यावसायिक मंच उभा राहिला तो हा. येथे आश्रयदाता राजा नव्हता, सरकार नव्हते, गावही नव्हते. होता तो बाजार. तिकीट, प्रक्षेपण आणि जाहिरात यांचे गणित जुळेल तोवर लढती.

२३/
भरत खंडारे याच काळातला. कुस्तीची पार्श्वभूमी आणि देशात नुकत्याच उभ्या राहिलेल्या स्पर्धांतून मिळालेला अनुभव, एवढ्या भांडवलावर तो यूएफसीपर्यंत पोहोचला. परदेशी नोंदींत त्याचे आडनाव 'कंदारे' असेही सापडते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतीय वंशाचा कॅनेडियन मल्ल अर्जन भुल्लर यूएफसीत उतरला होता. मात्र भुल्लर कॅनडाच्या ऑलिंपिक व्यवस्थेत घडला होता. खंडारेच्या मागे तसे काही नव्हते.

२४/
शांघायमध्ये त्याला ज्या पकडीने हरवले तिला 'गिलोटिन' म्हणतात. समोरच्याचे डोके खाली आले की त्याची मान काखेत घ्यायची, मनगट गळ्याखाली सरकवायचे आणि वर खेचायचे. आता कुस्तीगिराची मूळ सवय आठवावी. पट काढण्यासाठी तो वाकतो, डोके प्रतिस्पर्ध्याच्या कमरेशी भिडवतो आणि पाय खेचतो. मातीत हीच चाल हुकमी. पिंजऱ्यात तिच्याच वाटेवर गिलोटिन टपलेले असते.

२५/
म्हणजे ही पकड कुस्तीगिराच्या कमकुवत अंगावर येत नाही. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने पक्क्या झालेल्या सवयीवर ती येते. म्हणून कुस्तीतून एमएमएमध्ये जाणाऱ्याला नवे शिकण्याआधी जुने आवरावे लागते. पट काढायचा, पण डोके कोणत्या बाजूला ठेवायचे, मान कशी ताठ राखायची, हे पहिल्यापासून गिरवावे लागते. त्यासाठी ही विद्या जाणणारा वस्ताद हवा, जोडीदार हवेत आणि वर्षे हवीत.

२६/
खंडारेची पुढची हकीकत कडू आहे. त्या लढतीच्या वेळी घेतलेल्या चाचणीत निषिद्ध द्रव्य आढळल्यावरून अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. यूएफसीतील त्याची कारकीर्द एका लढतीवर थांबली. नियमभंग तो नियमभंगच. पण वाट पहिल्यांदा तुडवणाऱ्याची नोंद त्यामुळे पुसली जात नाही, आणि इतिहासाने दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्यात.

२७/
सोंग याडोंगचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. तो त्याच्या वजनगटातील अग्रगण्य लढवय्यांत गणला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने हेन्री सेहुदोवर विजय मिळवला. सेहुदो म्हणजे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइल कुस्तीचा सुवर्णपदक विजेता. खंडारे ज्याच्याकडून हरला तो कोणी सामान्य गडी नव्हता, हे काळाने दाखवून दिले.

२८/
शांघायनंतर वर्षभराने, डिसेंबर २०१८ मध्ये, खुद्द जालना शहरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. अंतिम लढतीत बुलढाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफिक शेखने आदल्या वर्षीचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके याला हरवले. बाला रफिक माती विभागातून आला होता, कटके गादी विभागातून. मातीत तयार झालेला मल्ल गादीवरच्या मल्लाला भारी पडू शकतो, हे जालन्याच्या मैदानाने पाहिले.

२९/
या दोन घटना शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. माती आणि गादी यांच्यामधले अंतर महाराष्ट्राने काही दशकांत कापले, कारण त्यामागे परिषद होती, तालमी होत्या, स्पर्धांची साखळी होती, शेवटी नोकरी होती. गादी आणि पिंजरा यांच्यामधले अंतर मात्र एकेका खेळाडूने आपापल्या हिमतीवर आणि खर्चाने कापायचे होते. एमएमए अजून ऑलिंपिकमध्ये नाही. त्यामुळे सरकारी क्रीडाधोरणाची सावलीही त्यावर तोकडी पडते.

३०/
तरी वाट बंद झाली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तराखंडचा अंशुल जुबली 'रोड टू यूएफसी' ही निवड स्पर्धा जिंकून यूएफसीत दाखल झाला. ८ जून २०२४ रोजी मुझफ्फरनगरच्या पूजा तोमरने अमेरिकेतील लुईव्हिल येथे विजय मिळवला. यूएफसीत जिंकणारी ती पहिली भारतीय. शांघायच्या त्या रात्रीपासून या विजयापर्यंत साडेसहा वर्षे गेली. पूजाची पार्श्वभूमी वुशूची, कुस्तीची नव्हे.

३१/
महाराष्ट्राच्या तालमींतून पुढचा खंडारे निघेल का, याचे उत्तर केवळ अंगातल्या ताकदीवर अवलंबून नाही. जोर-बैठका, खुराक, सहनशक्ती, झटापटीची उपजत जाण, हे सारे मातीने आधीच दिलेले आहे. उणीव आहे ती हौद्याशेजारी गळ्याच्या पकडी शिकवणाऱ्या वस्तादाची, आणि लढण्याची वर्षे सरल्यावर मल्लाला पोसणाऱ्या व्यवस्थेची.

३२/
सोमेश्वराने मल्लाचा खुराक राजाच्या खर्चात धरला. शाहू महाराजांनी मैदान बांधले. खर्डेकरांनी घर गहाण ठेवले. पुढे सरकारने नोकरी दिली. प्रत्येक काळाने आपल्या मल्लाची काही ना काही तजवीज केली, तेव्हाच त्या मल्लाने काळाचे नाव राखले. शांघायच्या पिंजऱ्यात उतरलेल्या मल्लामागे अशी कोणती तजवीज होती, हे तपासल्याशिवाय त्या एका फेरीचा इतिहास पूर्ण होत नाही.